बार्सिलोनाचे रस्ते वाचले, अंगणं गेली : सेर्दा नावाच्या इंजिनिअरची गोष्ट

रील्स बघताना बार्सिलोनाचा तो ड्रोन शॉट एकदा तरी तुमच्यासमोर आलाच असेल. कोपरे छाटलेले एकसारखे चौकोन, ताटात मांडलेल्या बर्फीसारखे ओळीनं लावलेले. मधून सरळसोट रस्ते. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं की प्लॅनिंग असावं तर असं.

हे चौकोन आखले इल्देफॉन्स सेर्दा नावाच्या इंजिनिअरनं, १८५९ मध्ये. तेव्हा मोटारी नव्हत्या. तरी त्यानं आखलेले रस्ते आजही पुरे पडतात.

पण त्या फोटोत सेर्दाचं निम्मंच शहर आहे. रस्ते त्याचे आहेत. चौकोनांच्या आत मात्र त्याला बागा हव्या होत्या, खेळती हवा हवी होती आणि कामगाराच्या पगारात बसतील अशी घरं हवी होती. ते काही झालं नाही. एकाच नकाशातला अर्धा भाग दीडशे वर्षं टिकला आणि अर्धा डोळ्यांदेखत गेला. असं का झालं, हे सेर्दाच्या आयुष्यात डोकावल्यावर कळतं.

तटाच्या आत कोंडलेलं शहर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बार्सिलोना हे स्पेनमधलं सर्वात मोठं औद्योगिक शहर होतं. कापडगिरण्या धडाधड उभ्या राहत होत्या आणि गावोगावचे लोक कामासाठी येत होते. पण हे सगळं चाललं होतं जुन्या तटबंदीच्या आत.

त्याला कारण होतं. १७१४ मध्ये स्पेनच्या राजानं वेढा घालून हे शहर जिंकलं. त्यानंतर तिथं मोठा किल्ला बांधला आणि शहराला लष्करी ठाणं करून टाकलं. तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात कुणी घर बांधायचं नाही, असा नियम होता. शत्रू आला तर त्याला आडोसा मिळू नये, हा हेतू. त्यामुळे तटाबाहेर मोकळं मैदान पसरलेलं आणि आत मुंगीला शिरायला जागा नाही, अशी अवस्था झाली.

१८५० च्या दशकात या तटाच्या आत सुमारे १ लाख ८७ हजार माणसं राहत होती. हिशेब केला तर एका हेक्टरला, म्हणजे साधारण अडीच एकरांत, साडेआठशेहून जास्त. त्या काळचं पॅरिसही गर्दीसाठी बदनाम होतं, पण तिथं हा आकडा चारशेच्या आत होता.

जागाच नाही म्हटल्यावर घरमालकांनी मजल्यावर मजले चढवले. ते संपल्यावर गल्लीवर कमानी टाकून त्यावर खोल्या काढल्या. खाली रस्ता, वर कुणाचं तरी घर. गल्लीत ऊन पोचत नव्हतं. १८५४ मध्ये कॉलरा आला आणि हजारो माणसं दगावली. शहरात श्रीमंतांचं सरासरी आयुष्य ३६ वर्षांचं आणि कामगारांचं अवघं २३ वर्षांचं होतं.

तट पाडा, ही मागणी बरीच जुनी होती. अखेर त्याच १८५४ मध्ये माद्रिदच्या सरकारनं परवानगी दिली. योगायोग म्हणजे पुढच्याच दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात, आपल्या मुंबईतल्या फोर्टचा तटही पाडला गेला. तट पडला की प्रत्येक शहरापुढे एकच प्रश्न येतो. बाहेरच्या जमिनीवर काय बांधायचं, आणि ते ठरवणार कोण?

धाकटा मुलगा वारसदार झाला

सेर्दाचा जन्म २३ डिसेंबर १८१५ चा, बार्सिलोनाच्या उत्तरेला असलेल्या सेंतेयस या गावचा. घर खानदानी, जमीनजुमला पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण कॅटलन घरांत रीत अशी की बहुतेक सगळी इस्टेट थोरल्याकडे जाते. धाकट्यांनी आपापला मार्ग शोधायचा. घरच्यांनी सेर्दासाठी धर्मगुरूचा मार्ग ठरवला आणि त्याला विक गावच्या धर्मपाठशाळेत घातलं.

त्याचं मन मात्र गणितात होतं. आधी बार्सिलोना आणि मग माद्रिद गाठून त्यानं रस्ते-पूल-कालवे बांधणाऱ्या सरकारी इंजिनिअरांच्या शाळेत प्रवेश घेतला. १८४१ मध्ये तो इंजिनिअर झाला, सरकारी नोकरी लागली.

नोकरीत असताना १८४४ मध्ये तो फ्रान्समधल्या नीम शहरात गेला. तिथं त्यानं आगगाडी पाहिली. वाफेचं इंजिन त्याला ऐकून माहीत होतं, पण तो थक्क झाला ते फलाटावरची माणसं पाहून. अख्खी कुटुंबं एका झटक्यात गावं बदलत होती. माणसं इतक्या वेगानं हलायला लागली तर बैलगाडीच्या मापानं बांधलेली जुनी शहरं टिकणार नाहीत, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग घरात एकामागून एक मृत्यू झाले. वडील गेले, थोरले भाऊ गेले. १८४८ मध्ये सगळी इस्टेट या धाकट्याच्या नावावर आली. त्याच सुमारास क्लोतिल्दे बोश हिच्याशी त्याचं लग्न झालं. आता कुणीही सुखात बसून खाल्लं असतं. सेर्दानं १८४९ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि शहर कसं वाढवावं या एकाच प्रश्नाला वाहून घेतलं. इस्टेटीचा पैसाही त्यातच घातला.

घरभाडं मोजणारा इंजिनिअर

तट पाडायची परवानगी मिळाल्यावर सेर्दानं पहिलं काम केलं ते मोजणीचं. १८५५ मध्ये त्यानं तटाबाहेरच्या मैदानाचा बारकाईनं नकाशा तयार केला. शेतं, ओढे, चढ-उतार, सगळं त्यात होतं.

त्यानंतर त्यानं जे केलं ते त्या काळच्या इंजिनिअरला न शोभणारं होतं. तो माणसं मोजायला लागला. १८५६ सालच्या बार्सिलोनातल्या कामगारांचा त्यानं सविस्तर अभ्यास केला. कुठल्या धंद्यात किती मजुरी मिळते, वर्षातून किती दिवस काम असतं, घरभाडं किती, भाकरीवर किती जातात, दिवाबत्तीला किती लागतात. एकट्या माणसाचा हिशेब वेगळा, बायको-मुलं असलेल्याचा वेगळा.

निष्कर्ष सरळ होता. अनेक धंद्यांत मजुरीवर कुटुंब भागत नव्हतं. भाडं आधी द्यायचं आणि मग उरलेल्यात पोट भरायचं, अशी गत होती. त्यानं मृत्यूचे आकडेही तपासले. गल्ली जितकी अरुंद, तितके मृत्यू जास्त. एका माणसाला झोपताना किती घनमीटर हवा लागते, इथपर्यंत त्यानं गणित मांडलं.

शहराचा आराखडा काढताना भव्य चौक, पुतळे आणि कारंजी यांपासून सुरुवात करायची, असा तेव्हाचा रिवाज होता. सेर्दानं कामगाराच्या खोलीपासून सुरुवात केली.

नकाशात नेमकं काय होतं?

आता त्या प्रसिद्ध नकाशाकडे येऊ. या नव्या भागाला कॅटलन भाषेत एशाम्पल म्हणतात, म्हणजे शहराचा वाढीव भाग.

प्रत्येक चौकोन साधारण ११३ मीटर लांब आणि तितकाच रुंद. नेहमीचा रस्ता २० मीटरचा, मोठे रस्ते त्याहून रुंद. या २० मीटरपैकी निम्मी जागा गाड्यांना आणि निम्मी पायी चालणाऱ्यांना. म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरचा फुटपाथ, तोही १८५९ मध्ये! चौकोनांचे कोपरे छाटले, म्हणजे वळणावर समोरचं दिसावं आणि लांब वाहनाला वळता यावं. उद्या रस्त्यावरून वाफेची वाहनं धावतील, असा त्याचा अंदाज होता. सगळे चौकोन तिरके बसवले, म्हणजे दिवसातून कधी ना कधी प्रत्येक घराला ऊन मिळावं.

खरी मेख चौकोनाच्या आत होती. इमारती फक्त दोन बाजूंना बांधायच्या. उंची १६ मीटरपेक्षा जास्त नाही. मधली जागा बाग म्हणून सगळ्यांसाठी उघडी. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं एफएसआय कमी ठेवला होता आणि मोकळी जागा भरपूर सोडली होती.

वस्तीला शाळा, त्याहून मोठ्या विभागाला बाजार, त्याहून मोठ्या भागाला रुग्णालय आणि मोठी बाग, अशी वाटणी होती. कुठलाच चौकोन दुसऱ्यापेक्षा मानाचा नव्हता. श्रीमंतांची पेठ वेगळी आणि कामगारांची वेगळी, असं त्याला नकोच होतं.

घरं स्वस्त कशी होणार, याचं त्याचं उत्तर जमिनीत होतं. त्याचा आराखडा जुन्या शहराच्या कित्येक पट मोठा होता. एवढी जमीन एकदम बांधायला खुली झाली की तिचा भाव चढणार नाही आणि भाडं आवाक्यात राहील, असा त्याचा हिशेब होता.

माद्रिदचा शिक्का, बार्सिलोनाचा राग

१८५९ च्या जून महिन्यात माद्रिदच्या सरकारनं सेर्दाचा आराखडा मंजूर केला. इकडे बार्सिलोनाच्या नगरपालिकेनं स्वतःची स्पर्धा घेतली होती. त्यात आंतोनी रोविरा या आर्किटेक्टचा आराखडा जिंकला. जुनं शहर मध्यभागी ठेवून तिथून पंख्यासारखे रस्ते काढायचे, असा तो होता. स्थानिक मंडळींना तोच आवडला होता.

मे १८६० मध्ये सरकारनं पुन्हा सेर्दाच्याच आराखड्यावर शिक्का मारला. शहरभर संताप झाला. आमच्या शहराचं माद्रिदनं का ठरवायचं, हा मुद्दा होताच. शिवाय शहर आखणं हे आर्किटेक्टचं काम, इंजिनिअर मध्ये कशाला, हा धंद्यातला रुसवा होता. आणि सगळ्यात मोठा राग जमीनमालकांचा होता. कालपर्यंत भाजीपाला पिकवणाऱ्या शेताला अचानक शहराचा भाव येणार होता, आणि हा माणूस म्हणतोय की निम्म्याहून जास्त जमीन मोकळी सोडा.

गंमत म्हणजे सेर्दा स्वतः कॅटलनच होता. पण स्वतःच्या शहरात तो माद्रिदचा माणूस ठरला. ४ ऑक्टोबर १८६० ला राणी इसाबेल दुसरी हिच्या हस्ते एशाम्पलची कोनशिला बसली आणि काम सुरू झालं.

वाकड्या शेताचा सरळ प्लॉट

कागदावर सरळ चौकोन, पण जमिनीवर वाकडीतिकडी शेतं. एकाचं पूर्ण शेत रस्त्यात जाणार आणि शेजारच्याला दोन्ही बाजूंनी रस्ता मिळून त्याची चांदी होणार. मग पहिला मालक कोर्टकचेरी करणार, हे उघड होतं.

सेर्दानं १८६१ मध्ये यावर तोडगा लिहून मांडला. एका भागातली सगळी शेतं आधी एकत्र करायची. त्यातून रस्त्यांची जागा काढायची. उरलेल्या जमिनीचे सरळ प्लॉट पाडून ते मालकांना त्यांच्या हिश्शाप्रमाणे परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण जी मिळते ती बांधण्याजोगी असते. रस्त्यांचा खर्चही त्यांनीच उचलायचा, कारण भाव वाढल्याचा फायदा त्यांनाच होणार आहे.

हे ऐकून काहींना आपल्याकडची टीपी स्कीम आठवली असेल. बरोबर आहे. १९१५ च्या बॉम्बे टाउन प्लॅनिंग कायद्यातल्या नगररचना योजना याच तत्त्वावर होत्या.

पण सेर्दाला हे सक्तीनं राबवणारा कायदा मिळाला नाही. काही मालकांनी आपसात जुळवून घेतलं, बाकी ठिकाणी ओढाताण सुरू राहिली.

अंगणं कशी गेली

सुरुवातीला बांधकाम रखडतच चाललं. लोकांना जुनं शहर सोडवत नव्हतं, मालकांना बाग सोडून बांधणं परवडत नव्हतं. मग बांधकामाला जोर यावा म्हणून नियम सैल होऊ लागले. दोन बाजूंच्या तीन झाल्या, तीनच्या चार. चौकोन चारही बाजूंनी बंद झाला. मग इमारतीची खोली वाढली, उंची वाढली. मधल्या बागेच्या जागी कारखाने, गोदामं आणि पुढे गॅरेज आली. विसाव्या शतकात जुन्या इमारतींच्या डोक्यावर आणखी मजले चढले.

सेर्दाच्या नकाशात एका चौकोनात सुमारे ६७ हजार घनमीटर बांधकाम होतं. १९७० च्या दशकापर्यंत नियमांनुसार ते ३ लाख घनमीटरच्या घरात गेलं. म्हणजे चौपटीच्याही वर.

मग रस्ते का वाचले? कारण रस्ता सार्वजनिक होता. त्यात कुणी पुढे सरकलं तर सगळ्यांना दिसणार, आणि समोरच्या प्रत्येक मालकाचं नुकसान होणार. त्यामुळे मालकच एकमेकांवर नजर ठेवून होते. बाग मात्र खासगी जमिनीवर होती आणि ती फक्त नियमाच्या भरवशावर उभी होती. एकेकानं थोडं थोडं बांधकाम वाढवलं तर प्रत्येकाचा फायदाच होता. त्या बागेत खेळणारी मुलं अजून जन्मली नव्हती, तिथं राहणारे भाडेकरू अजून आले नव्हते. नियम सैल होताना त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, जास्त बांधलं म्हणजे जास्त घरं झाली, मग स्वस्ताई यायला हवी होती. हा मुद्दा खोटा नाही. चौकोन भरले म्हणून एशाम्पलमध्ये कितीतरी जास्त माणसं मावली. आज तिथं चालत सगळं मिळतं, त्यात त्या दाटीचाही वाटा आहे. पण बांधायची मुभा वाढली की आधी जमिनीचा भाव वाढतो. जास्त मजले चढणार म्हणजे जास्त भाडं येणार, हे मालकाला कळतं आणि तो जमीन विकतानाच ते वसूल करतो. त्या वाढीतला वाटा शहरानं मागितला नाही, आणि अमुक इतकी घरं कामगारांना अमुक भाड्यानं द्या अशी अटही कुणी घातली नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. पसेच दे ग्रासिया या रस्त्यावर गिरणीमालकांनी वाडे बांधले. गाउदीची ती लाटांसारखी घरं आज पर्यटक बघतात, तीही याच रस्त्यावर आहेत. आणि ज्यांच्या मजुरीचा हिशेब मांडून सेर्दानं सुरुवात केली होती, ते कामगार मोठ्या संख्येनं जुन्या शहराच्या गल्ल्यांत आणि कारखान्यांशेजारच्या गावांत राहिले.

थकलेलं बिल आणि शेवट

सेर्दाला हे सगळं डोळ्यांसमोर होताना दिसत होतं. तो नगरपालिकेत निवडून गेला, बांधकाम करणाऱ्या कंपनीचा तांत्रिक संचालक झाला, अर्ज-विनंत्या करत राहिला. आपल्या परीनं नकाशा वाचवत राहिला.

१८६७ मध्ये त्यानं शहरं कशी घडतात यावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहर वाढवणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, असं त्याचं म्हणणं होतं आणि त्या शास्त्रासाठी शब्दच नव्हता. म्हणून त्यानं स्वतः शब्द घडवला, ऊर्बानिथासियोन. इंग्रजीतला अर्बनायझेशन आपण रोज वापरतो, त्याच्या घडणीत सेर्दाच्या या शब्दाचं नाव आधी घेतलं जातं. कामगारांचा तो अभ्यासही याच ग्रंथात छापला गेला.

घरी मात्र सगळं विस्कटलं होतं. बायकोपासून तो वेगळा झाला. इस्टेट कामात संपत आली. केलेल्या कामाचे पैसे सरकारकडे आणि नगरपालिकेकडे थकले होते. १८७३ मध्ये स्पेनमध्ये पहिलं प्रजासत्ताक आलं तेव्हा तो बार्सिलोना प्रांताच्या कारभारात वरच्या पदावर होता. प्रजासत्ताक वर्षभरात गडगडलं आणि तोही बाजूला पडला.

तब्येत ढासळल्यावर तो उत्तर स्पेनमधल्या लास काल्दास दे बेसाया या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेला. तिथंच २१ ऑगस्ट १८७६ ला त्याचा मृत्यू झाला. वय ६० वर्षं. खिशात पैसा नाही आणि ज्या शहरासाठी आयुष्य घालवलं तिथं फारसं नावही नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं बार्सिलोनाचे नामवंत आर्किटेक्ट त्याच्या चौकोनांना कंटाळवाणे म्हणून नावं ठेवत राहिले.

शहर आता काय परत मिळवतंय?

१९८० च्या दशकापासून बार्सिलोनानं काही चौकोनांच्या आतली गोदामं आणि गॅरेज हटवून तिथं पुन्हा बागा करायला सुरुवात केली. त्यासाठी ती जमीन आधी शहराच्या ताब्यात आणावी लागते. जी जागा १८६० मध्ये शेताच्या भावानं घेता आली असती, ती आता महानगराच्या भावानं. पुढे काही रस्त्यांवर गाड्या कमी करून चौकोनांचे गट माणसांसाठी मोकळे करण्याचा प्रयोगही सुरू झाला. सगळी अंगणं आता परत येणं अवघड आहे, मिळतात ती एकेक करून.

घरभाड्याचा प्रश्न तर तसाच आहे. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या रहिवाशांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यांचा राग होता घरं पर्यटकांना भाड्यानं जातात आणि स्थानिकांना परवडत नाहीत यावर. त्याच्या काही दिवस आधी शहराच्या महापौरांनी जाहीर केलं होतं की २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीच्या सुमारे १० हजार फ्लॅटचे परवाने संपवले जातील. असे सगळ्यात जास्त फ्लॅट आहेत ते एशाम्पलमध्ये. सेर्दानं कामगारांसाठी आखलेल्या त्याच चौकोनांत.

आपल्याकडेही प्रत्येक शहराचा विकास आराखडा येतो, म्हणजे डीपी. त्यात हिरव्या रंगानं बागा दाखवलेल्या असतात, शाळा, मैदानं आणि परवडणाऱ्या घरांची आरक्षणं असतात. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि बहुतेकांना ते मुदत संपल्यावरच कळतं. पुढच्या वेळी तुमच्या शहराचा डीपी आला तर नकाशा उघडा, तुमच्या घराजवळचा हिरवा तुकडा शोधा आणि त्याचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर आहे ते बघा. तो तुकडा वीस वर्षांनी बाग असेल की टॉवर, याचा बराचसा अंदाज तिथंच येतो.